सरकारी जमीन, परवाना आणि एल्क

अमेरिकेत राहणाऱ्या शिकारप्रेमींकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'पूर्वेकडेही आता एल्क आहेत. लायसन्स काढा, सरकारी जंगलात शिरा, झालं!' हे पश्चिमेकडच्या काही राज्यांत काही अंशी चालतं. पूर्वेत नाही.

एल्क म्हणजे सांबराचा थोराड चुलतभाऊ. पूर्वेतले मूळ एल्क एकोणिसाव्या शतकातच संपले. आज दिसतात ते पश्चिमेतून आणलेल्यांचे वंशज. पेनसिल्व्हेनियात ते 1913 पासून आले, तर केंटकीत 1997 ते 2002 दरम्यान सुमारे 1,500 सोडले. कळप मोजके म्हणून परवाने सोडतीने, तेही थोडेच. केंटकीत परराज्यातल्यांच्या वाट्याला जास्तीत जास्त दहा टक्के. अर्ज भरायचा नि वाट बघायची, म्हाडाच्या लॉटरीसारखी. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये रस्त्यालगत एल्क चरताना दिसतात, पण ते राष्ट्रीय उद्यान, तिथे शिकारच बंद.

बरं, सोडत लागली तरी जमीन कुठली? केंटकीतले एल्क जिथे रमतात ते बरेचसे जुन्या कोळसा खाणींवर तयार केलेले गवताळ माळ, आणि त्यातले पुष्कळ खासगी कंपन्यांचे. कंपनीचा राज्याशी करार असेल तिथेच सर्वांना मुभा. मग गर्दी, चढउतार, काटेरी झुडपं. आणि नर पडलाच, तर तीनशे किलोंचं धूड जागेवरच कापून, एकेक मांडी पाठीवर घेऊन चढ चढायचा. चार-पाच खेपा सहज होतात.