राजकीय विचारसरणी आणि विज्ञानाचा स्वीकार

एखादा वैज्ञानिक निष्कर्ष खरा की खोटा हे पुराव्यावरून न ठरवता, तो आपल्या राजकीय गटाच्या भूमिकेला मानवतो की नाही यावरून ठरवण्याची जी प्रवृत्ती माणसांत दिसते, तिचा अभ्यास मानसशास्त्र, समाजशास्त्र व राज्यशास्त्र या तिन्ही शाखांत केला जातो. ही प्रवृत्ती अज्ञानातून येते असे सर्रास मानले जाते आणि शिक्षण वाढवावे हाच उपाय सुचवला जातो. परंतु अमेरिकेतील डॅन कहान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हवामानबदलाच्या धोक्याविषयी सर्वाधिक फूट आढळली ती विज्ञान आणि आकडेमोड चांगली जाणणाऱ्यांमध्येच. हवा तो निष्कर्ष गाठण्यासाठी बुद्धी राबवण्याच्या या रीतीला ‘हेतुप्रेरित तर्क’ म्हणतात, आणि झिवा कुंडा यांच्या १९९० मधील मांडणीनंतर ही संज्ञा रूढ झाली. पुष्कळदा खरा आक्षेप असतो तो निष्कर्षापाठोपाठ येणाऱ्या गोष्टींवर, म्हणजे करावर, निर्बंधांवर, परक्या कंपनीवर किंवा सरकारी हस्तक्षेपावर.

राज्यसत्तेनेच बाजू घेतली की प्रकरण जिवावर बेतते. नाझी जर्मनीत फिलिप लेनार्ड व योहानेस श्टार्क या दोन नोबेल विजेत्यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताला ज्यूंचे भौतिकशास्त्र म्हणून हिणवले. सोव्हिएत संघात त्रोफिम लिसेंको या कृषितज्ज्ञाने १९४८ मध्ये आनुवंशशास्त्राला भांडवलशाही थोतांड ठरवून बाद करवले. जगभरची बियाणी गोळा करणारे आणि त्याला विरोध करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव हे तर त्याआधीच, १९४३ मध्ये, सारातोवच्या तुरुंगात मरण पावले होते.

पाश्चात्त्य लेखनातले डावे-उजवे हे माप महाराष्ट्राला मात्र नीट बसत नाही. बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती. या वादात डाव्या चळवळी, पर्यावरणवादी गट आणि संघ परिवारातील स्वदेशी जागरण मंच विरोधात एकत्र दिसले, तर समर्थनात उभी राहिली ती शरद जोशी यांची शेतकरी संघटना, जिने १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते अडवले होते. कोणते बियाणे पेरावे हे ठरवण्याचा हक्क तिने ‘तंत्रज्ञान स्वातंत्र्य’ म्हणून मागितला. जनुकाच्या गुणधर्मांवर या वादात थोडेच शब्द खर्ची पडले. बहुतेक भांडण बियाण्याची मालकी कोणाची यावर झाले.

निफाड तालुक्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र या संदर्भात पाहण्याजोगे आहे. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण ठरावीक मात्रेत कांद्याला दिले की त्याला कोंब फुटत नाहीत, आणि कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही. २००७ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ भारतीय आंब्याला खुली झाली, तेव्हा निर्यातीच्या हापूसच्या पेट्या कोकणातून घाट चढून याच केंद्रात आल्या आणि किरणांखालून जाऊन पुढे विमानतळाकडे गेल्या. त्यानंतर तीन-चार वर्षांतच, त्याच हापूसच्या रत्नागिरी जिल्ह्यात, जैतापूर अणुप्रकल्पाविरुद्ध आंदोलन पेटले आणि शिवसेना त्यात उतरली. तेथे जमिनीचा, मासेमारीचा आणि भूकंपप्रवणतेचा प्रश्न होता, आणि अणुभट्टीची जोखीम विकिरण केंद्रापेक्षा फार वेगळी असते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही आंब्यावरचे गॅमा किरण मोठ्या राजकीय वादाचा विषय झाले नाहीत. त्यांच्यासाठी कोणाची जमीन जात नव्हती, उलट मालाला भाव मिळत होता.

कहान यांच्या मांडणीतील एक मुद्दा येथे लागू पडतो. हवामानबदलाविषयी एकट्या माणसाचे मत चुकले तर त्याचे स्वतःचे काही बिघडत नाही, पण गटाविरुद्ध बोलले तर उठबस तुटते; म्हणून गटाबरोबर राहणे त्याच्या सोयीचे असते. द्राक्षबागेत हे गणित उलटे होते. निफाड-दिंडोरीकडचा बागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर जिबरेलिक आम्ल या वाढसंप्रेरकाचे, त्याच्या भाषेत ‘जीए’चे, द्रावण तयार करतो, तेव्हा पूड आधी अ‍ॅसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवून घेतो, पीपीएमचा, म्हणजे दशलक्ष भागांत किती भाग याचा, हिशेब वहीत मांडतो, पाण्याचा सामू तपासतो आणि मग घड एकेक करून द्रावणात बुडवले जातात. मात्रा चुकली तर हंगाम हातचा जातो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली, त्यानंतर तर प्रयोगशाळेचा अंशतपासणी अहवाल हा बागायतदाराला पंचांगाइतकाच परिचयाचा झाला. हाच बागायतदार संध्याकाळी पारावर लसीविषयी किंवा गोमूत्राविषयी बोलताना आपल्या पक्षाचे मत जसेच्या तसे मांडू शकतो, आणि त्यात त्याला विसंगती जाणवत नाही.

विचारवंतांचे अनुयायीही अशीच निवड करतात. नाशिकजवळच्या भगूर येथे १८८३ मध्ये जन्मलेल्या वि. दा. सावरकरांनी गाय ही देवता नसून उपयुक्त पशू आहे असे स्पष्ट लिहिले. त्यांचे राजकारण उचलणाऱ्या अनेकांनी हे लेखन बाजूला ठेवले, आणि विरोधकांनी राजकारण वगळून नेमके तेवढेच उचलले. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन व शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य राज्यघटनेत आले ते १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने, म्हणजे आणीबाणीत, जेव्हा प्रश्न विचारणारे अनेकजण तुरुंगात होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये निकाल आयोगाच्या बाजूने लागला. पुढे, नाशिकच्या २०२१ च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने, फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन हुशार मुलांच्या कोणत्या आणि मतिमंद मुलांच्या कोणत्या हे ओळखायला सांगितले होते. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली; नाणे उडवले असते तर निम्मी आली असती.