गोड बोलणारे डॉक्टर आणि ऐकून घेणारे डॉक्टर

"डॉक्टर फार छान आहेत, अगदी शांतपणे ऐकून घेतात." सांध्यांच्या दुखण्यासाठी कोणाकडे जाऊ, असं कोणी विचारलं की हे उत्तर हमखास येतं. तुमचं ऐकून त्यांनी उपचारात काय बदललं, असं पुढे विचारावं तर बहुतेक जण गप्प होतात. म्हणजे ते डॉक्टर गोड बोलतात. गोड बोलणं चांगलंच, पण त्यालाच ऐकून घेणं म्हटलेलं मला आता सहन होत नाही.

गोड बोलणारे डॉक्टर सगळ्यांच्या ओळखीचे असतात. नावाने हाक मारतात, मुलाबाळांची चौकशी करतात, "काळजी करू नका, माझ्यावर सोपवा" म्हणतात. त्यांच्याबद्दल जास्त सांगायला नको.

ऐकून घेणं कसं असतं ते आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या उदाहरणाने सांगते. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते आणि ते सुजतात. या दुखण्यासाठी हाडांच्या डॉक्टरांपेक्षा रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे तज्ज्ञ, गाठायचे. पहिलं औषध बहुधा मेथोट्रेक्सेट असतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. पुष्कळांना गोळीनंतर दुसऱ्या दिवशी मळमळतं, अंगातलं त्राण जातं. समजा, एखादी बाई रविवारी रात्री गोळी घेते आणि सोमवारी सकाळी तिला लोकल पकडायची असते. असे काही सोमवार गेले की ती गुपचूप गोळी चुकवायला लागते.

गोड बोलणारे डॉक्टर विचारतात, "गोळ्या वेळेवर घेताय ना?" यावर कोणीही "हो"च म्हणणार. सांधे तर सुजलेलेच असतात. मग औषध लागू पडत नाही असं धरून दुसरं औषध वाढतं, पुढे महागडं बायोलॉजिक, म्हणजे सजीव पेशींपासून बनवलेल्या औषधाचं, इंजेक्शनही सुरू होऊ शकतं. जे औषध नीट पोटात गेलंच नाही, ते निरुपयोगी ठरतं. या बाईशी कोणी वाईट वागलेलं नसतं, तरी नुकसान तिचंच होतं.

ऐकून घेणारे डॉक्टर विचारतात, "कोणत्या वारी घेता? दुसऱ्या दिवशी कसं वाटतं? गेल्या महिन्यात किती चुकल्या?" चुकल्या म्हटल्यावर ओरडत नाहीत. गोळीचा वार शनिवारवर नेतात, या औषधाचा त्रास कमी व्हावा म्हणून दिलेलं फॉलिक ॲसिड नीट चालू आहे ना ते बघतात, तरीही त्रास राहिला तर तेच औषध इंजेक्शनने घ्यायचा पर्याय मांडतात. मूल हवंय का, हेही आधीच विचारतात, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही, ते आधीपासून थांबवावं लागतं. तुमच्या एका वाक्याने चिठ्ठीवरचं काही बदललं का, ही माझी कसोटी. यात बसणारे डॉक्टर तुसडे असले तरी मी त्यांच्याकडेच जाईन.

आणि हे काही डॉक्टरांचे उपकार नव्हेत. आमवाताची तीव्रता मोजायच्या डीएएस २८ या मापात २८ सांध्यांतली सूज आणि दुखरेपणा बघतात, शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची ईएसआर किंवा सीआरपी चाचणी बघतात, आणि आपली तब्येत ० ते १०० मध्ये कुठे वाटते हा आकडा रुग्णाने द्यायचा असतो. तो न विचारता किंवा अंदाजाने भरला तर मोजमापच अपुरं राहतं. 'युलार' या युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेच्या सूचनांतही उपचार रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवावेत, हे मूळ तत्त्व म्हणून दिलेलं आहे.

किती वेळ दिला, हा मुद्दा मला गौण वाटतो. नेमके प्रश्न विचारले तर दहा मिनिटंही पुरतात.

मागाल ते लिहून देणं हेही ऐकून घेणं नव्हे. स्टिरॉइडने बरं वाटतं म्हणून ते चालूच ठेवा, असा हट्ट आपण धरतो. चांगले डॉक्टर तिथे नाही म्हणतात, आणि हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, हे कारणही सांगतात.

पहिल्या भेटीत एवढं विचारून बघा: "याशिवाय दुसरा पर्याय कोणता, आणि तो माझ्यासाठी का नको?" उत्तर टाळलं तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या. त्यासाठी आपले कागद मागायला संकोचू नका. मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत लिहिलेलं आहे.