दोन बाळे, एक आई : जुळ्यांवरील चाचण्यांतील मोजणीचा प्रश्न

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी, म्हणजे मातांनी दान केलेले दूध साठवून गरजू बाळांना देणारी पेढी, सुरू झाली. अशा पेढीच्या दुधाची सर्वाधिक गरज कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना असते, आणि या बाळांत जुळी पुष्कळ असतात, कारण जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्माला येतात. समजा, अशा बाळांना दूध देण्याच्या दोन पद्धतींची तुलना करणारी चाचणी मुंबईत आखायची आहे आणि एकाच आईची दोन बाळे शेजारशेजारच्या उबदार पेट्यांत (इन्क्युबेटरमध्ये) आहेत. त्यांच्या नोंदी दोन स्वतंत्र नोंदी म्हणून मोजता येतील का?

तशा त्या मोजता येत नाहीत. दोघांनी एकच गर्भाशय, आईचा तोच रक्तदाब आणि तोच आहार वाटून घेतलेला असतो, आणि बहुधा दोघे एकाच दिवशी जन्मलेले असतात; त्यामुळे एकाची प्रकृती कळली की दुसऱ्याची थोडीफार आधीच कळलेली असते. हा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण सारखेपणा) ०.५ असेल आणि दोन्ही भावंडे चाचणीच्या एकाच गटात असतील, तर १०० मातांच्या २०० बाळांकडून मिळणारी माहिती सुमारे १३३ स्वतंत्र बाळांइतकीच भरते. हे विसरून २०० हाच आकडा धरला, तर निष्कर्ष आहे त्याहून पक्का दिसतो आणि निरुपयोगी उपचारालाही गुण आल्याचे श्रेय मिळू शकते.

सहसंबंध सर्व बाबतींत सारखा नसतो. जन्माच्या वेळचे आठवडे दोघांचे जवळपास नेहमी एकच असतात, वजनात मात्र मोठी तफावत पडू शकते. दोघांची वार (गर्भाला पोसणारा अवयव, प्लासेंटा) एकच असेल, तर सुमारे १० ते १५ टक्के गर्भारपणांत वारेतील रक्तवाहिन्यांच्या जोडण्यांतून एकाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागते. मग एक बाळ खुरटते आणि दुसऱ्याच्या हृदयावर जादा रक्ताचा भार पडतो. म्हणून वार एक की दोन, ही पहिल्या तीन महिन्यांच्या सोनोग्राफीत कळणारी गोष्ट जुळ्यांच्या प्रत्येक चाचणीत नोंदवलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

याच आजारावरील लेझर उपचाराची, म्हणजे वारेतील त्या जोडण्या लेझरने बंद करण्याची, चाचणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १४२ माता होत्या. जन्मानंतर २८ दिवसांपर्यंत किमान एक बाळ जगण्याचे प्रमाण लेझरच्या गटात ७६ टक्के, तर गर्भजल काढून घेण्याच्या गटात ५६ टक्के होते. ‘किमान एक’ ही कसोटी तिथे समर्पक होती, पण तिच्या हिशेबात एक बाळ वाचलेली आई आणि दोन्ही वाचलेली आई सारखीच ठरते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ देशांतील २,८०४ मातांच्या चाचणीने वेगळी वाट घेतली. पहिल्या बाळाचे डोके खाली असताना आधीच सिझेरियन ठरवणे आणि नैसर्गिक प्रसूतीची योजना करणे यांची तुलना करताना तिने प्रत्येक बाळ मोजले, मात्र भावंडांमधील संबंध गणितात धरला. मृत्यू किंवा गंभीर आजाराचे प्रमाण अनुक्रमे २.२ आणि १.९ टक्के निघाले, म्हणजे सिझेरियनचा फायदा दिसला नाही.

उपचार आईवर होत असेल, तर दोन्ही बाळे आपोआप एकाच गटात जातात. जन्मानंतरच्या उपचारात मात्र निवड करता येते. भावंडांना विरुद्ध गटांत टाकले, तर तुलना एकाच आईच्या दोन बाळांत होते, म्हणून तोच सहसंबंध मदतीला येतो आणि वरच्या उदाहरणातील २०० बाळे तब्बल ४०० बाळांइतकी माहिती देतात. गणिताला ही वाटणी प्रिय आहे, पण पेटीपाशी बसलेल्या आईला एका लेकराला एक दूध आणि दुसऱ्याला दुसरे दिले जाताना पाहणे किती जड जाईल, याचा विचार आराखड्यातच व्हायला हवा. शिवाय घाईच्या पाळीत दोघांच्या बाटल्यांची अदलाबदल होण्याचा धोकाही असतो. दुधाच्या चाचणीत मी भावंडांना एकाच गटात ठेवीन, त्यासाठी अधिक माता लागल्या तरी चालेल, आणि असे का केले ते संमतिपत्रात आईला समजेल अशा मराठीत लिहीन.