लष्करी मनगटी घड्याळे आणि त्यांच्या प्रतिकृती (बेळगाव सीमाभाग)

सैन्याच्या खरेदीसाठी ठरवून दिलेल्या मोजमापांनुसार बनलेली मनगटी घड्याळे आणि त्यांच्या धर्तीवर पुढे सामान्य गिऱ्हाइकांसाठी निघालेल्या प्रतिकृती. त्या जमवण्याचा छंद मूळचा युरोप-अमेरिकेतला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लजपर्यंत त्याला निराळे वळण लागले, याचे कारण उघड आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. शिवाय राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आणि सांबऱ्याचा हवाई दलाचा तळ. गावागावांतून कोणी ना कोणी पलटणीत गेलेला असतो. त्यामुळे येथील संग्राहकाने प्रतिकृती विकत घेण्याआधीच घरातल्या कपाटात एखादे ‘मिलिटरीतले घड्याळ’ पडून असते आणि त्यामागे एक हकिगतही असते. ती हकिगत आणि घड्याळाचा काळ यांचा मेळ बसतोच असे नाही.

उगम : पहिले लष्करी मनगटी घड्याळ कोणते, हा प्रश्न सुटलेला नाही. जिरार-पेरगो या स्विस कंपनीने १८८० च्या सुमारास जर्मन नौदलाच्या अधिकाऱ्यांसाठी जाळीदार झाकणाची मनगटी घड्याळे पुरवली, हे विधान एका संदर्भग्रंथातून दुसऱ्यात उतरत आले आहे. दोन हजारांची संख्याही सांगितली जाते. मात्र त्यांपैकी निःसंशय अस्सल म्हणता येईल असे एकही घड्याळ आजवर पुढे आलेले नाही. दुसरे मत ब्रह्मदेशाच्या तिसऱ्या युद्धाकडे (१८८५) बोट दाखवते. तेथील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी खिशातली घड्याळे चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधली, असे म्हणतात. तिसरे मत दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाचे (१८९९–१९०२) आहे. त्या काळच्या जाहिराती व वस्तू दोन्ही उपलब्ध असल्याने आधार याच मताला अधिक भक्कम मिळतो. जर्मन नौदलाची कथा खोटी ठरवण्याचे कारण नाही, पण तिच्यावर सनावळीचा इमला उभारणेही योग्य नव्हे.

या तिन्ही हकिगतींत एक गोष्ट समान आहे. घोड्यावर बसलेल्या किंवा दुर्बीण धरलेल्या माणसाला खिशात हात घालण्याची सवड नसते. पहिल्या महायुद्धात त्यात तोफखान्याची भर पडली. तोफांचा मारा ठरल्या मिनिटाला पुढे सरकवायचा आणि पायदळाने त्याच्या मागोमाग निघायचे, तर दोघांची घड्याळे जुळलेलीच हवीत. खंदकातले घड्याळ म्हणून ओळखले जाणारे त्या काळचे घड्याळ खिशातल्या घड्याळाचेच धाकटे भावंड होते : केसला (घड्याळाच्या धातूच्या कवचाला) डाख दिलेल्या तारेच्या कड्या, एनॅमलची तबकडी, काट्यांवर रेडियमचा लेप आणि काच वाचवायला वरून धातूची जाळी. यातली बहुसंख्य घड्याळे अधिकाऱ्यांनी पदरमोड करून घेतली होती, सरकारी वाटपाची नव्हती. सामान्य शिपायाच्या मनगटावर ती क्वचितच असत.

मराठा पलटणी त्या युद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेत होत्या. कूतच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ – एप्रिल १९१६) अडकलेल्या फौजेतही त्या होत्या. मुंबईत जम बसवलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव हिंदुस्थानी फौजेशी जोडले जाते ते याच सुमारास. तिच्या ‘सोवार प्रायमा’ या घड्याळाचे नाव घोडेस्वारावरून पडले आहे. सीमाभागातल्या जुन्या घरांत वेस्ट एंडची घड्याळे अजूनही निघतात. पण त्यांतली कितीतरी दोन महायुद्धांच्या मधल्या किंवा नंतरच्या काळातली आणि सरळ बाजारातून घेतलेली आहेत. पाठीवर सरकारी खूण नसेल तर ते लष्करी घड्याळ नव्हे.

दुसरे महायुद्ध : प्रतिकृतींच्या बाजारात आज जे नमुने चालतात त्यांतले बहुतेक या सहा वर्षांतले आहेत. जर्मन हवाई दलाचे निरीक्षकाचे घड्याळ ५५ मिलिमीटर व्यासाचे होते. ते चामडी जाकिटाच्या बाहीवरून लांब पट्ट्याने बांधत. लांगे, लाको, स्टोवा, वेंपे आणि आयडब्ल्यूसी अशा पाच कंपन्यांनी ते बनवले. बाराच्या जागी त्रिकोण आणि त्याच्या दोन बाजूंना ठिपके ही त्याची ओळख. १९४० च्या पहिल्या नमुन्यात तबकडीवर तासांचे आकडे होते. १९४१ च्या दुसऱ्या नमुन्यात मिनिटांचे आकडे बाहेरच्या कडेला आले आणि तास आतल्या लहान वर्तुळात गेले. केसच्या कडेला ‘एफएल २३८८३’ ही खूण कोरलेली असे. अमेरिकेचा ए-११ हा नमुना वॉल्थम, एल्जिन व बुलोव्हा यांनी बनवला. त्याची चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा जागीच थांबे, म्हणजे सगळ्यांची घड्याळे एकाच क्षणी चालू करता येत.

ब्रिटिशांनी युद्धाच्या अखेरीस एकच मोजमाप ठरवून बारा कंपन्यांकडून घड्याळे घेतली : ब्यूरेन, सीमा, एटेर्ना, ग्राना, आयडब्ल्यूसी, जेगर-लेकूल्त्र, लेमानिया, लाँजीन, ओमेगा, रेकॉर्ड, टायमर आणि व्हर्टेक्स. संग्राहक या संचाला ‘डर्टी डझन’ म्हणतात. काळी तबकडी, सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी, न फुटणारी प्लास्टिकची काच, १५ ज्वेलचे (चाकांच्या आसांना आधार देणाऱ्या खड्यांचे) मशीन. पाठीवर सरकारी बाण (ब्रिटिश सरकारी मालाची खूण), त्याखाली डब्ल्यू अक्षर तीनदा, मग लष्कराचा आणि कारखान्याचा असे दोन क्रमांक. ओमेगाचा लष्करी क्रमांक ‘वाय’ने सुरू होतो. ग्रानाचे घड्याळ सगळ्यांत दुर्मिळ मानतात. एकूण उत्पादनाचे आकडे अंदाजाचेच आहेत, दीड लाखाच्या आसपासचा अंदाज अधिक प्रचलित आहे. आयडब्ल्यूसी ही स्विस कंपनी जर्मन पाचांतही आहे आणि ब्रिटिश बारांतही. तटस्थ देशाचा व्यापार असा चालतो.

ही बारा घड्याळे सैन्याच्या हाती आली १९४५ साली. सीमाभागातल्या हकिगती तपासताना हे साल फार उपयोगी पडते. आजोबांनी पूर्व आफ्रिकेतल्या केरेनच्या लढाईत (१९४१) बांधलेले घड्याळ म्हणून जर यांपैकी एखादे दाखवले जात असेल, तर आजोबा केरेनला असतील, घड्याळ नव्हते. इटलीच्या मोहिमेबद्दलही तेच. नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून देणारी लढाई जुलै १९४४ मधली, शिपाई नामदेव जाधव यांची एप्रिल १९४५ मधली; दोन्ही वेळी या संचातले घड्याळ मराठा शिपायाकडे असण्याचा संभव जवळपास नाही. घरात निघालेले घड्याळ मागाहून मोडीत काढलेल्या सरकारी मालातून आलेले असणेच अधिक शक्य आहे. वाटपाचे घड्याळ सरकारजमा करावे लागे, हेही हकिगत सांगणारे सहसा विसरतात.

हिंदुस्थानी फौजेसाठीच आलेल्या काही स्विस घड्याळांच्या पाठीवर ‘सी. एस. (आय.)’ अशी खूण आढळते. कंसातला ‘आय’ हिंदुस्थानचा, याबद्दल फारसा वाद नाही. पहिल्या दोन अक्षरांचा विस्तार मात्र कोणी भांडार नियंत्रक असा देतो, तर कोणी कमिसरियटचे भांडार असा. मालसाठ्याशी संबंधित खूण एवढ्यावर थांबलेले बरे. या भागातल्या संग्राहकाला खरोखर शोधण्यासारखे घड्याळ असेल तर ते हे. जर्मन निरीक्षकाच्या घड्याळाशी मराठा पलटणीचा काडीचाही संबंध आला नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळ : एचएमटीचा घड्याळ कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूमध्ये १९६१ साली सुरू झाला. एचएमटीचे ‘जवान’ हे चावीचे, १७ ज्वेलचे घड्याळ सैन्यदलांसाठी म्हणून निघाले. तबकडीवर बाहेर १ ते १२ आणि आत १३ ते २४ असे आकडे. तबकडी पांढरी किंवा काळी. प्रत्येक जवान म्हणजे सैन्याने वाटलेले घड्याळ, ही समजूत बेळगाव कॅम्पपासून निपाणीपर्यंत सगळीकडे पक्की आहे. ती ताणलेली वाटते. सैन्याला झालेला पुरवठा वेगळा आणि पुढे दुकानांतून व कॅन्टीनमधून झालेली विक्री वेगळी. सुट्टीवर येताना घेतलेले, भावाच्या लग्नात दिलेले, पेन्शनीत जाताना साथीदारांनी हातावर बांधलेले घड्याळ हे सैनिकाचे घड्याळ खरे. सैन्याचे घड्याळ नव्हे. ‘पायलट’ या काळ्या तबकडीच्या घड्याळाचा हवाई दलाशी जोडलेला संबंध तर बराचसा नावापुरताच दिसतो. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून जवानला मागणी वाढली आणि तिच्याबरोबर रंगवलेल्या तबकड्यांचा सुळसुळाटही झाला.

रंगवलेल्या तबकड्या : जुने मशीन, बाजारातली नवी केस आणि पुन्हा छापलेली तबकडी जोडून ‘मिलिटरी’ घड्याळ तयार करण्याचा धंदा देशभर चालतो. परदेशी संग्राहकांनी त्याला ‘मुंबई स्पेशल’ असे नाव देऊन टाकले आहे. भिंगाखाली अशी तबकडी लगेच बोलते. अस्सल जवानवर अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात. रंगवलेल्यात ‘पॅराशॉक’ (धक्कारोधक सोयीचे नाव) या शब्दातली पोकळ अक्षरे शाईने भरून आलेली दिसतात. मिनिटांच्या रेघा कडेला कुठे केसच्या ओठाखाली जातात, तर कुठे मध्येच सुटतात. आतल्या वर्तुळातला १८ हा आकडा बाहेरच्या ६ च्या नेमका वर न येता केसभर सरकलेला असतो. काट्यांवरचा चमकणारा रंग ताजा हिरवा आणि आकड्यांवरचा पिवळट, किंवा उलट. तबकडीवर तिरंगा, पलटणीचे चिन्ह आणि सैन्याचे नाव हे सगळे एकदम दिसले तर भिंगाचीही गरज नाही. मशीन मात्र पुष्कळदा अस्सल एचएमटीचे असते आणि तेलपाणी केले की उत्तम चालते. ज्याला रोज बांधायला घड्याळ हवे त्याला ते चालण्यासारखे आहे, पण संग्रहात त्याची नोंद जवान म्हणून करणे बरोबर नाही.

प्रतिकृती : यांत निदान चार जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. मूळ कंपनीनेच पुन्हा काढलेला नमुना (उदा. लाको व स्टोवा यांची आजची वैमानिकी घड्याळे, किंवा २०१६ मध्ये पुन्हा उभ्या राहिलेल्या व्हर्टेक्सचे एम१००) ही पहिली. दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने, पण जुन्या नमुन्याच्या वळणावर काढलेले घड्याळ ही दुसरी. सीमाभागात बहुतांश खरेदी हिचीच होते. मासिकाच्या अंकाबरोबर हप्त्याहप्त्याने येणारी, आत बॅटरीचे मशीन असलेली शोभेची प्रत ही तिसरी. दुसऱ्याचे नाव व खुणा चोरून बनवलेले ते चौथे, म्हणजे बनावट, आणि त्याला प्रतिकृती म्हणणे हा त्या शब्दावर अन्याय आहे.

प्रतिकृतीत मोजमाप बहुधा बदलते. ५५ मिलिमीटरचे जर्मन घड्याळ ४० ते ४२ वर आणतात, कारण मूळ मापाचे घड्याळ शर्टाच्या बाहीखाली मावत नाही. उलट ३५ ते ३८ मिलिमीटरची ब्रिटिश घड्याळे आजच्या मनगटासाठी वाढवतात. आत बहुधा सेइकोचे एनएच३५ हे स्वयंचलित मशीन किंवा चिनी बनावटीचे चावीचे मशीन असते. सेकंद थांबवण्याची सोय एनएच३५ मध्ये आहे. मूळ घड्याळाचे काम काय होते हे समजून घ्यायचे असेल तर चावी ओढून दोन घड्याळे एकमेकांशी जुळवून पाहावीत, निम्मा इतिहास तेथेच कळतो. त्याच मशीनमध्ये तारखेचे चाकही असते. तबकडीला खिडकी नसली तर चावीचा एक टप्पा रिकामा लागतो, आणि नवखा माणूस तो दोष समजून घड्याळ दुरुस्तीला नेतो.

चिनी हवाई दलासाठी तिआनजिन कारखान्याने केलेल्या स्टॉपवॉचच्या घड्याळाची प्रतिकृती ‘१९६३’ या नावाने सीगल कंपनी विकते. मूळ प्रकल्प १९६१ मध्ये सुरू झाला आणि मशीन व्हीनस १७५ या स्विस मशीनवर बेतलेले होते. तबकडीवर लाल तारा असलेले हे घड्याळ स्वस्तात मिळणाऱ्या यांत्रिक स्टॉपवॉचपैकी उत्तम गणले जाते. १९६२ चे चीन युद्ध पाहिलेल्या सैनिकाच्या घरात नातवाच्या हातावर ते यावे, हा योग चमत्कारिक खरा. घरात त्यावरून बोलाचाली होतात, घड्याळ मात्र राहते.

रेडियमचा धोका : १९६० पूर्वीच्या अस्सल घड्याळांवरचा चमकणारा लेप बहुधा रेडियमचा असतो. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १,६०० वर्षे. त्याच्या माऱ्याने सोबतचे चमकणारे झिंक सल्फाइड झिजते, म्हणून लेप अंधारात चमकेनासा होतो. किरणोत्सर्ग मात्र कायम राहतो. चमकत नाही म्हणून घड्याळ निरुपद्रवी मानू नये. पुढे वापरात आलेल्या ट्रिटियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षे आहे. आजच्या प्रतिकृतींवरचा रंग किरणोत्सर्गी नसतो. बाजारात मात्र तिन्हींना सरसकट ‘रेडियम’च म्हणतात, त्यामुळे विचारून उपयोग नाही. जुन्या घड्याळाचे मागचे झाकण घरी उघडू नये, तबकडी खरवडू नये, सुटलेल्या लेपाची पूड फुंकू नये. अशी घड्याळे अनेक असतील तर ती झोपण्याच्या खोलीत बंद कपाटात न ठेवता हवा खेळेल अशा जागी ठेवावीत, कारण रेडियमपासून रेडॉन वायू सुटतो.

कायदा : सरकारी बाण परवानगीवाचून वापरणे ब्रिटनमध्ये १८७५ च्या सार्वजनिक भांडार कायद्याने गुन्हा आहे, अनेक प्रतिकृतींवर बाण नसतो किंवा किंचित बदललेला असतो तो यामुळेच. भारतात दुसऱ्याचे व्यापारचिन्ह खोटेपणाने लावलेला माल विकणे १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली दंडनीय आहे, आणि बाहेरून येणारा असा माल सीमाशुल्क विभाग २००७ च्या नियमांनुसार अडवू शकतो. स्वतःच्या नावाने निघालेल्या प्रतिकृतीला व्यापारचिन्हाचे हे नियम सहसा लागू होत नाहीत.