कंबरदुखीचं मूळ लघवीच्या पिशवीत

एप्रिल लागला की सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी ‘उन्हाळी लागली’ ऐकू येतं. लघवीला जळजळ, थेंबथेंब होणं, मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, नारळपाणी. दोन दिवसांत उतार पडतो. पण लघवी लाल झाली आणि दुखलं काहीच नाही, तर त्याला उन्हाळी म्हणून सोडून देऊ नका. लघवीच्या पिशवीच्या कर्करोगाची पहिली खूण बहुतेकदा हीच असते. रक्त एकदा दिसतं, मग महिना-दोन महिने दिसतही नाही, आणि माणूस निर्धास्त होतो. बायकांच्या बाबतीत ते पाळीचं किंवा जंतुसंसर्गाचं समजलं जातं.

या रोगाचं सर्वांत मोठं कारण विडी-सिगारेट. धुरातली अॅरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून पिशवीत येतात. लघवी तासन्‌तास साठून राहते, तसा पिशवीच्या अस्तराला त्यांचा मारा बसत राहतो. याच जातीची रसायनं रंगांच्या कारखान्यांत होती. तिथल्या कामगारांतला हा कर्करोग जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ साली जगापुढे मांडला. चादरी-टॉवेलांच्या आपल्या गावात सूत रंगवण्यात कित्येकांची हयात गेली, म्हणून ही गोष्ट इथे माहीत असायलाच हवी. बेंझिडीन या अशाच एका रसायनापासूनच्या रंगांवर भारतात १९९० च्या दशकात बंदी आली. पण हा रोग संपर्कानंतर वीस-तीस वर्षांनीही डोकं वर काढतो.

निदान होताना चारपैकी साधारण तिघांत गाठ पिशवीच्या स्नायूपर्यंत पोचलेली नसते. ती स्नायूत शिरली की लसीकाग्रंथींत (शरीरात जागोजागी असलेल्या, जंतूंशी लढणाऱ्या छोट्या गाठींत) आणि रक्तवाहिन्यांत उतरण्याची वाट मोकळी होते. मग हाडं, फुफ्फुसं, यकृत. इथून पुढे तक्रार भलत्याच जागी सुरू होते आणि लघवीची आठवणच कुणाला राहत नाही.

सर्वांत फसवी असते ती हाडांची दुखण. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर दिवसभर उभं राहणाऱ्याची कंबर दुखतेच, त्यात नवल ते काय? पण उसण भरली तर पडून राहिल्यावर उतरते. हाडात पसरलेला कर्करोग रात्री झोपेतून उठवतो, आडवं झालं तरी सुटका देत नाही, आठवड्यागणिक वाढतो. हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरलं की खूप तहान, बद्धकोष्ठता, माणूस भांबावल्यासारखा वागणं. कंबरदुखीबरोबर पायातलं बळ जाऊ लागलं, मुंग्या येऊ लागल्या, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

ओटीपोटातल्या लसीकाग्रंथी वाढल्या तर बहुधा एकच पाय सुजतो. मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून पिशवीत लघवी आणणारी नळी, दाबली गेली की कुशीत दुखतं आणि रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावतं. यकृतात पसरला तर भूक मरते, बरगडीखाली उजवीकडे जड वाटतं, कधी कावीळ होते. आठवडे न जाणारा खोकला आला तर आपल्याकडे आधी टीबीची तपासणी होते, आणि ते योग्यच आहे. मात्र टीबी निघाला नाही, तर वर्षभरापूर्वी दिसलेलं लघवीतलं रक्त डॉक्टरांना आपणहून सांगा. खोकल्यासाठी गेलेल्या माणसाला लघवीबद्दल कोण विचारणार?

यातली प्रत्येक तक्रार दुसऱ्या साध्या कारणानेही होऊ शकते. म्हणून सीटी स्कॅन आणि पिशवीची दुर्बिणीतून तपासणी लागते. नुसत्या सोनोग्राफीतून बारीक गाठ निसटते.

पसरलेल्या रोगावर अनेक दशकं सिस्प्लॅटिनसारखी केमोथेरपी हाच मुख्य आधार होता. २०२३ मध्ये एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या औषधांच्या जोडीच्या चाचणीत, निम्मे रुग्ण जिथपर्यंत जगतात तो काळ सुमारे १६ महिन्यांवरून ३१ महिन्यांच्या पुढे गेला. ही औषधं फार महाग आहेत, हे दुःख आहेच. पण हाडाच्या वेदनेवर किरणोपचार जुना आणि खात्रीचा आहे. कित्येकदा एकच बैठक पुरते, आणि महिनोन्‌महिने उशीला टेकून रात्र काढणारा रुग्ण पुन्हा झोपू लागतो.