तपकिरी नळी म्हणजे गंजकी नळी नव्हे

दसऱ्याची शस्त्रपूजा जवळ आली की कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यांत एक सल्ला हमखास फिरतो: ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुकीची नळी तपकिरी पडली म्हणजे गंजली, पॉलिश पेपर मारून चकचकीत करा. कृपा करून करू नका!

तो रंग अनेकदा कारागिराने मुद्दाम चढवलेला असतो. नळीचा तेलकटपणा पार घालवायचा, आम्ल-क्षारांचं पाणी पुसटसं फिरवायचं, दमट जागी ठेवायची. बारीक तांबूस लव आली की तारेच्या मऊ ब्रशने सुटी पूड झाडायची आणि पुन्हा तेच. असे बरेच हात झाले की घट्ट थर बसतो. मग उरलेल्या आम्लाचा परिणाम घालवून तेल लावायचं. मध्येच तेलकट बोट लागलं, तर तिथे डाग राहतो. उकळत्या पाण्यात घातली तर हाच थर काळा पडतो.

खरा गंज? तेलाच्या चिंधीने पुसा. नारिंगी पूड निघाली, खाली खड्डे दिसले तर गंज. थर गुळगुळीत असेल तर हात आवरा.

आणि सगळ्याच्या आधी गज (बार ठासायची लांब काठी) नळीत तळापर्यंत घालून ती खोली नळीच्या बाहेरच्या लांबीशी ताडून पाहा. गज कमी आत गेला, तर आत जुना बार, म्हणजे भरलेली दारू-गोळी, राहिलेला असू शकतो.