गिरणगावातला बेसबॉल: पॉटकेट रेड सॉक्सची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातलं पॉटकेट हे पाऊण लाख वस्तीचं शहर. १७९३ साली सॅम्युअल स्लेटरची सूतगिरणी इथे ब्लॅकस्टोन नदीकाठी उभी राहिली आणि अमेरिकेच्या कापड उद्योगाने मूळ धरलं. पुढे गिरण्या दक्षिणेकडच्या राज्यांत गेल्या आणि शहराची रया गेली. त्या पडत्या काळातही शहराने अभिमानाने मिरवावं असं जे थोडं उरलं, त्यात पॉटकेट रेड सॉक्स हा मायनर लीगचा, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या पातळीवर खेळणारा, बेसबॉल संघ होता. लोकांच्या तोंडी तो 'पॉसॉक्स'. २०२० नंतर तो पॉटकेटचा राहिला नाही.

मायनर लीगमध्ये खेळाडू मोठ्या क्लबचे असतात. पॉसॉक्सच्या खेळाडूंचा पगार बोस्टन रेड सॉक्स हा मेजर लीगमधला, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचा, क्लब देई आणि कोण खेळणार हेही बोस्टनच ठरवी. जरा कोणी चमकला की भर हंगामात त्याला वर बोलावणं येई. स्थानिक मालकाच्या हाती उरे ते तिकीट, मैदानाची निगा आणि आलेल्या माणसांची विचारपूस. संघ गावात रुजतो तो यावरच.

मॅकॉय स्टेडियम १९४२ साली उघडलं. महापौर थॉमस मॅकॉय यांनी ते दलदलीच्या तळ्यावर भराव घालून बांधून घेतलं, त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. पॉसॉक्स तिथे १९७० मध्ये आले आणि १९७३ पासून मेजर लीगच्या लगेच खालच्या, म्हणजे ट्रिपल-ए पातळीवर खेळू लागले. पण पैशाचं गणित काही जमेना. १९७६ च्या हंगामाअखेर संघाचं दिवाळं निघालं.

१९७७ मध्ये तो बेन मॉन्डर यांनी घेतला. क्युबेकमध्ये जन्मलेले आणि शेजारच्या वूनसॉकेटमध्ये वाढलेले मॉन्डर कापडधंद्यातून निवृत्त झाले होते. त्यांनी तिकीट स्वस्त ठेवलं, पार्किंगचे पैसे घेतले नाहीत आणि बायकापोरांना घेऊन निर्धास्त यावं असं मैदान केलं. पहिल्या हंगामात जेमतेम ७० हजार प्रेक्षक आले होते. २००५ मध्ये तो आकडा ६ लाख ८८ हजारांवर गेला. मॅकॉयमध्ये खेळाडूंची बसायची जागा प्रेक्षकांच्या पायांखालच्या पातळीवर होती, त्यामुळे सही घ्यायची तर हात पोचत नसे. मग मुलं दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापायची, त्यात चेंडू नि पेन ठेवून तो दोरीने खाली सोडायची आणि सही झाली की वर ओढून घ्यायची.

व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वांत लांबलेला सामनाही इथलाच. १८ एप्रिल १९८१ च्या रात्री रॉचेस्टर रेड विंग्जविरुद्ध खेळ सुरू झाला. नऊ डावांत निकाल लागला नाही तर पुढचे डाव खेळवत राहायचं, असा बेसबॉलचा नियम. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने आघाडी घेतली, पॉटकेटच्या वेड बॉग्जने ती फेडली. कडाक्याच्या थंडीत खेळाडू मोडक्या बॅटी पेटवून शेकत बसले. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, बत्तीस डावांनंतर २-२ वर सामना थांबवला तेव्हा स्टँडमध्ये १९ प्रेक्षक उरले होते. २३ जूनला उरलेला खेळ झाला आणि अवघ्या १८ मिनिटांत डेव्ह कोझाच्या फटक्यावर पॉटकेट जिंकलं. त्या सामन्यातले बॉग्ज आणि रॉचेस्टरचे कॅल रिपकन पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेले. कोझाला मेजर लीगचा एकही सामना मिळाला नाही. तरी पॉटकेटमध्ये त्याचं नाव त्या दोघांच्या बरोबरीने घेतात, आणि ते मला अगदी रास्त वाटतं.

२०१० मध्ये मॉन्डर वारले. २०१५ मध्ये त्यांच्या पत्नीने संघ विकला आणि नव्या मालकांनी लगोलग तो शेजारच्या प्रॉव्हिडन्सला हलवायचा घाट घातला. लोकांनी जोरदार विरोध केला, योजना बारगळली, पण विश्वासाला तडा गेला तो गेलाच. प्रेक्षक चार लाखांच्या आसपास घसरले. मग पॉटकेटमध्येच ८ कोटी ३० लाख डॉलरच्या नव्या स्टेडियमची बोलणी सुरू झाली, तीही सरकारी हमीवर अडली. त्याला कारण होतं. बोस्टनचे माजी गोलंदाज कर्ट शिलिंग यांच्या व्हिडिओगेम कंपनीला राज्याने ७ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती आणि २०१२ मध्ये ती कंपनी बुडाली होती. दुधाने तोंड पोळलेले आमदार ताकही फुंकून पिऊ लागले. त्यांचा सावधपणा समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत पॉटकेटने मोजली.

ऑगस्ट २०१८ मध्ये मालकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला जायचं जाहीर केलं. २०२० चा हंगाम निरोपाचा ठरायचा होता, तो कोरोनामुळे रद्द झाला. चाळीस-चाळीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलेल्या माणसांना शेवटचा सामना बघायला मिळाला नाही, ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागते. २०२१ पासून संघ वुस्टर रेड सॉक्स झाला. मतदारांनी मॅकॉयच्या जागेवर हायस्कूल बांधायला मंजुरी दिली आणि २०२५ मध्ये स्टेडियम पाडायला घेतलं. त्याच वर्षी पॉटकेटमध्ये नदीकाठी फुटबॉलचं नवं स्टेडियम उघडलं, आणि त्यासाठी मात्र सार्वजनिक पैसा उभा राहिला.